भागीचं घोडं ट्रॅकवर: चौघांत एक स्विफ्ट कशी ठेवावी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले चौघे मित्र, प्रत्येकाची रोजची गाडी वेगळी. चौघांत मिळून फक्त ट्रॅक डेसाठी (आपली गाडी रेस ट्रॅकवर नेऊन, शर्यत न लावता चालवण्याचे दिवस) एक जुनी पेट्रोल स्विफ्ट घ्यायची आहे. आरसी कुणाच्या नावावर ठेवायची, खर्च कसा वाटायचा, कुणी ठोकली किंवा इंजिन बसलं तर पैसे कुणी भरायचे, आणि एखाद्याला मध्येच बाहेर पडायचं असेल तर काय?

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ अशी म्हण आहे. घोडं शर्यतीत मेलं नाही, जखम चिघळली तेव्हा ती बघणारं कुणी नव्हतं म्हणून मेलं. सामाईक ट्रॅक गाड्यांचं नेमकं हेच होतं. भिंतीला धडकून बंद पडलेली भागीदारी क्वचित दिसते. बहुतेक ठिकाणी मार्चमध्ये उकळलेलं ब्रेक ऑइल जुलैपर्यंत तसंच राहतं, ‘तू बदललंस ना?’ ‘मला वाटलं तू बदललंस’ असं होतं, आणि मग पुढच्या ट्रॅक डेला कुणीच येत नाही. त्यामुळे आधी माणूस नेमा, मग गाडी शोधा. चौघांपैकी एक जण वर्षभरासाठी मुकादम. गाडी त्याच्या पार्किंगला, वही त्याच्या ताब्यात, आणि ‘आज गाडी ट्रॅकवर जाणार नाही’ म्हणण्याचा अधिकार फक्त त्याचा. या कामाचा मोबदला म्हणून त्याची मासिक वर्गणी निम्मी ठेवा. फुकटची जबाबदारी तीन महिन्यांत सुटते.

माणसं किती? तीन किंवा चार. दोघांत वाद झाला तर तोडगा काढायला तिसरा नसतो, आणि पाच झाले की तारखा जुळत नाहीत. एका दिवशी एकाच गाडीवर दोनपेक्षा जास्त ड्रायव्हर नकोत. सत्रं साधारण 15 ते 20 मिनिटांची असतात. चौघांनी पाठोपाठ चालवली तर इंजिन, गिअरबॉक्स आणि मुख्यतः ब्रेक यांना थंड व्हायला वेळच मिळत नाही. आयोजक बहुधा ड्रायव्हरमागे वेगळे पैसे घेतात, म्हणून चौघांनी मिळून जाण्यात बचतही फारशी नाही. दोन-दोनच्या जोड्या करून आलटून पालटून जा.

आता आरसी. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 41 मध्येच याची सोय आहे: गाडी एकापेक्षा जास्त लोकांच्या मालकीची असेल तर सगळ्यांच्या वतीने एकाने नोंदणीचा अर्ज करायचा, आणि कायद्यापुरता तोच मालक धरला जातो. म्हणजे सामाईक मालकी बेकायदेशीर नाही, पण आरटीओला, पोलिसांना आणि न्यायाधिकरणाला एकच नाव दिसतं. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की अपघाताच्या वेळी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच भरपाईला जबाबदार मालक. ई-चलानही त्याच्याच नावाने येतं. एवढा बोजा तो उचलत असेल तर रस्त्यावर गाडी कोण आणि कधी चालवणार यावर त्याला नकाराधिकार द्या. शक्यतो मुकादम आणि आरसीधारक एकच असू द्या.

एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) किंवा कंपनी काढून तिच्या नावावर गाडी घ्या असा सल्ला कुणीतरी देतंच. चार जणांच्या एका स्विफ्टसाठी दरवर्षी विवरणपत्रं भरणं आणि सीएची फी देणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे. 500 रुपयांच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला करारनामा पुरतो. त्यात इंजिन नंबर, चासी नंबर, प्रत्येकाचा हिस्सा आणि ‘आरसीवर नाव असलं तरी गाडी चौघांची’ हे वाक्य हवं. हा करार तुम्हा चौघांनाच बांधतो, तिसऱ्याला नाही. आरसीधारकाच्या घरच्यांना त्याची प्रत माहीत असू द्या, कारण त्याचं काही बरंवाईट झालं तर हस्तांतरणाच्या फॉर्म 31 वर सही त्याच्या वारसाची लागते. विक्रीनंतरच्या हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन ठेवण्याचा शॉर्टकट मात्र नको. तो कागद चुकीच्या हातात पडला तर गाडीच गेली.

विम्याबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असतो. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात: भाड्याने देणं, आयोजित शर्यत, पेस मेकिंग (शर्यतीचा वेग ठरवायला पुढे धावणं), वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी हे सगळं वगळलेलं. ‘ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे’ हा युक्तिवाद तुम्ही करू शकता, पण त्याच्या भरवशावर चार लाख लावू नका. ट्रॅकवरच्या नुकसानीला विमा शून्य धरून हिशोब करा. ‘भाड्याने’ हा शब्दही लक्षात ठेवा. चौघांनी आपापसांत खर्च वाटून घेणं वेगळं, आणि पाचव्या मित्राकडून दिवसाचे पाच हजार घेऊन गाडी देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात जाताना-येताना रस्त्यावर काही झालं तरी क्लेम अडकू शकतो. आणखी एक फट आहे. पॉलिसीतला 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा फक्त नोंदणीकृत मालकासाठी असतो. बाकी तिघांनी स्वतःची वेगळी पॉलिसी घ्यावी, आणि तिच्यात मोटरस्पोर्टबद्दलचं कलम आधी वाचावं.

गाडी कोणती? 2011 ते 2017 मधली 1.2 पेट्रोल मॅन्युअल स्विफ्ट ही निवड चांगली आहे. वजन हजार किलोच्या आत, टायमिंग चेन, चाकांचं पीसीडी 4x100 (100 मिलीमीटरच्या वर्तुळावर चार नट) म्हणून सेकंड हँड अलॉय सहज मिळतात, आणि चेन्नईच्या वाटेवर कृष्णगिरीला क्लच केबल तुटली तरी सुटा भाग गावातच मिळतो. फोक्सवॅगन पोलो हवी असेल तर मॅन्युअल 1.0 टीएसआय बघा. जुन्या 1.2 जीटी टीएसआयचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅकच्या उष्णतेसाठी बनलेला नाही. खरेदीच्या वेळी एक गणित विसरू नका: नोंदणी 15 वर्षांची असते. 2012 ची गाडी आज स्वस्त दिसते, पण 2027 मध्ये तिचं नूतनीकरण, फिटनेस आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर एकदम समोर येतो. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरलेला आहे ना, हे पैसे देण्याआधी तपासा. पुढच्या एप्रनचे (बॉनेटखालच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांचे) मूळ स्पॉट वेल्ड शाबूत आहेत ना, बघा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हे आकडे पुढे भांडण मिटवतील.

रोल केज (गाडीच्या आतला पाइपांचा सांगाडा) रस्त्यावरच्या गाडीत बसवू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असा बदल अडचणीचा आहेच, शिवाय हेल्मेट नसलेलं डोकं रस्त्यावरच्या साध्या धडकेतही त्या पाइपवर आपटतं. केज हवाच असेल तर गाडी कायमची ट्रेलरवर न्यायची असं ठरवा. अशा वेळी रस्त्यावरचे कागद दुय्यम होतात आणि मालकीचा सगळा भार करारनाम्यावर येतो. सुरुवातीला एवढं पुरे: चांगले टायर, तापमान झेपणारे ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल, ताजं इंजिन ऑइल, पुढच्या चाकांना उणे दीड अंशापर्यंत कँबर (चाकाची वरची कड आत झुकवणं), आणि पत्र्याला बोल्टने पक्का केलेला दोन किलोचा अग्निशामक. बकेट सीट बसवलीत तर ती सरकत्या रेलवरच. चौघांची उंची सारखी नसते. प्रत्येकाची जागा रेलवर वेगळ्या रंगाच्या पेंट पेनने खूण करून ठेवा. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. ही खूण नसली की दुसरा ड्रायव्हर घाईत तशीच गाडी काढतो आणि ब्रेकवर पूर्ण पाय पोचत नाही.

पैशांचे दोन कप्पे करा. पहिली भिशी: गाडी उभी असली तरी होणारा खर्च, म्हणजे विमा, पीयूसी, बॅटरी, पार्किंग, वर्षाची सर्व्हिस. उदाहरणादाखल तिघांचे महिन्याला 2,000 आणि मुकादमाचे 1,000, म्हणजे वर्षाला 84,000. दुसरा मीटर: जो जितका चालवेल तितके त्याने भरायचे. इथे बरेच जण ‘दिवसाला इतके’ असा दर लावतात. तो चुकीचा आहे, कारण एक जण दिवसात तीन सत्रं चालवतो आणि दुसरा सहा. दर ट्रॅकच्या किलोमीटरवर लावा. समजा पुढच्या टायरची जोडी 11,000 ची आणि ट्रॅकवरचे 500 किलोमीटर टिकते, म्हणजे 22 रुपये. पॅडचा सेट 6,000 चा आणि 400 किलोमीटर, म्हणजे 15. ऑइल आणि ब्रेक ऑइल मिळून 3,500 आणि 500 किलोमीटर, म्हणजे 7. क्लच, बेअरिंग, इंजिन माउंट आणि पुढे कधीतरी लागणाऱ्या इंजिनासाठी 26 बाजूला. झाले 70 रुपये. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक 3.717 किलोमीटरचा आहे, म्हणजे फेरीला साधारण 260 रुपये. 20 मिनिटांच्या सत्रात सात-आठ फेऱ्या झाल्या तर दोन हजारांच्या आसपास. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फेरी 2.1 किलोमीटरची, म्हणून 147 रुपये. पेट्रोल ज्याचं त्याने, टाकी जितकी मिळाली तितकी भरून परत. सहा महिन्यांनी खऱ्या पावत्यांवरून दर बदला. वरचे आकडे गाडी, टायर आणि तुमच्या उजव्या पायावर अवलंबून आहेत.

नुकसानीचा नियम करारात सगळ्यात सविस्तर असला पाहिजे. तीन गोष्टी सोप्या आहेत. झीज मीटरमधून जाते. ड्रायव्हरने गाडी घसरवून टायरच्या भिंतीवर घातली, तर दुरुस्ती पूर्ण त्याची, मग ट्रॅकवर तेल सांडलेलं असो की पाऊस. दुसऱ्या गाडीने ठोकलं तरी तसंच, कारण ट्रॅक डेला सही करून दिलेल्या फॉर्मप्रमाणे सहसा प्रत्येकाने आपलं नुकसान आपण सोसायचं असतं. मर्यादा एकच: ठरलेली किंमत वजा भंगाराचे पैसे. ही ठरलेली किंमत दर एप्रिलला चौघांनी सही करून लिहायची. ज्याला तेवढी रक्कम एका दिवसात बुडाली तर घर हलेल, त्याने या भागीदारीत येऊ नये.

अवघड आहे ते इंजिन. भांडणं इथेच होतात, म्हणून थोडं खोलात जातो. छोट्या हॅचबॅकमध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर चौथ्याच्या जवळपास दुप्पट असतं. ड्रायव्हर पाचव्यात आहे, वेग चौथ्यातल्या 5,500 आरपीएमइतका, वळणाआधी चौथा टाकायचा आहे, घाईत हात डावीकडे ओढला जातो आणि दुसरा पडतो. क्लच सोडताक्षणी चाकं इंजिनाला जवळपास 11,000 पर्यंत फिरवतात. रेव्ह लिमिटर इथे निरुपयोगी, कारण तो फक्त इंधन तोडतो, आणि इंजिन इंधनाने नाही तर चाकांनी फिरतंय. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना व्हॉल्व्ह वेळेत मिटवणं जमत नाही, पिस्टन त्याला टेकतो आणि व्हॉल्व्ह किंचित वाकतो. गंमत अशी की इंजिन त्याच क्षणी बंद पडेलच असं नाही. कॉम्प्रेशन थोडं उतरतं, आयडलिंगला हलका झटका येतो, आणि दोन सत्रांनी भलत्याच्याच हातात गाडी मान टाकते. तो बिचारा म्हणतो मी काही केलं नाही, आणि ते खरंच असतं.

यावर उपाय नियमाचा आहे. नुसत्या यंत्राने भागत नाही. ओबीडी डाँगल (गाडीच्या संगणकातली माहिती फोनला पाठवणारं छोटं यंत्र) लावून फोनवर रेसक्रोनोसारख्या ॲपमध्ये आरपीएम नोंदवा, पण स्वस्त डाँगल सेकंदाला काहीच वाचनं घेतं आणि अर्ध्या सेकंदाचा झटका त्यातून निसटू शकतो. म्हणून करारात असं लिहा: चुकीचा गिअर पडला आणि ड्रायव्हरने त्याच सत्रानंतर वहीत लिहिलं, तर त्यातून झालेल्या खर्चाचा निम्मा भाग त्याचा, निम्मा भिशीचा. लपवलं आणि नोंदीत सापडलं, तर सगळा त्याचा. कारण सापडलंच नाही, तर सगळा भिशीचा, कुणावरही संशय नाही. खरं बोलणं स्वस्त पडलं की लोक बोलतात. नोंद झाली की गाडी लगेच थांबवा आणि कॉम्प्रेशन मोजा. पहिल्या पानावरच्या आकड्यांपेक्षा एखादा सिलिंडर दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर दिवस संपला.

आता पिटमधली अदलाबदल, कारण सामाईक गाडीचा सगळ्यात धोक्याचा वेळ तो असतो. पहिला ड्रायव्हर शेवटची फेरी ब्रेक जवळपास न वापरता, वरच्या गिअरमध्ये, सावकाश पूर्ण करतो. पिटमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले ड्रम लायनरला धरून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. बॉनेट उघडा. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक बघा. लांब वळणात ऑइल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून पातळी नेहमी वरच्या खुणेला. पेट्रोलही पाव टाकीच्या खाली नको, तोच प्रकार तिथेही होतो. टायर गरम असतानाच हवा मोजा. थंड असताना 28 ते 30 ने सुरुवात केली असेल तर आता 34 ते 36 पीएसआय अपेक्षित आहे, वर गेली असेल तर सोडा. इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक घड्याळाच्या दिशेने जातो, म्हणून पुढच्या डाव्या टायरचा बाहेरचा खांदा आधी हाताने चाचपा. रबराच्या सुरकुत्या चालतील, धागा दिसला तर नाही. मग टॉर्क रेंचने चारही चाकांचे नट, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. अंदाजाने पाना दाबणं इथे चालत नाही, तापून थंड झालेला नट सैल होतो. शेवटी नवा ड्रायव्हर सीटवर बसून ब्रेक पेडल तीनदा दाबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल वर येत असेल तर ब्रेक ऑइल उकळलंय. बाहेर जायचं नाही.

ब्रेक ऑइलचा स्वभाव समजून घ्या. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 दर्जाचं ऑइल नवं असताना त्याचा किमान उत्कलनबिंदू 230 अंश, ओल शोषल्यावर 155. डॉट 5.1 चे हेच आकडे 260 आणि 180. तुमची गाडी महिना-दीड महिना उभी राहते, पावसाळ्यात तर चार महिने, त्यामुळे ‘फक्त हजार किलोमीटर झालेत’ हा हिशोब लागू होत नाही. प्रत्येक ट्रॅक डेच्या आठवडाभर आधी बदला, एक लीटर पुरतं. मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला नसेल तर मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डॉट 5 नावाचं सिलिकॉनचं ऑइल वेगळं असतं. ते यात मिसळू नका.

पुण्याहून जायचं तर राष्ट्रीय महामार्ग 48 थेट इरुंगट्टुकोट्टैच्या दारावरून जातो, साधारण साडेअकराशे किलोमीटर. गाडी चालवत न्यायची असेल तर ट्रॅकचे टायर मागची सीट पाडून आत टाका आणि ट्रॅकचे पॅड तिथेच बदला. ते थंड असताना रस्त्यावर नीट धरत नाहीत. ट्रॅकच्याच दिवशी रात्री परत निघू नका. थकवा आहेच, पण चार मिलीमीटर उरलेल्या पॅडवर घाट उतरायचा हेही आहे. गाडी तिकडेच एखाद्या गॅरेजमध्ये ठेवणं स्वस्त पडतं, पण परराज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर कलम 47 प्रमाणे तिथली नोंदणी आणि कर लागतो. वर्षातून एकदा सर्व्हिसला घरी आणण्याचं निमित्त करा.

बाहेर पडण्याचा नियम आपल्याकडच्या वाटणीसारखाच ठेवा: एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने निवडायचा. बाहेर पडणारा पूर्ण गाडीची किंमत लेखी सांगतो. उरलेल्यांनी 60 दिवसांत त्या किमतीने त्याचा हिस्सा घ्यायचा, नाहीतर त्याच किमतीच्या प्रमाणात आपले हिस्से त्याला विकायचे. भाव फुगवला तर त्यालाच महाग पडतं, पाडला तर हिस्सा स्वस्तात जातो. पहिल्या वर्षात कुणी बाहेर पडायचं नाही, आणि बाहेरचा माणूस आत घ्यायला तिघांचीही संमती हवी. भिशीत साठलेली रक्कम परत मिळत नाही, ती गाडीबरोबर राहते. आरसीधारकच निघाला तर आधी हस्तांतरण, मग पैसे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने 30 दिवसांत. मधल्या काळात गाडी हलवायची नाही.

आणि वही कागदाचीच घ्या, दोरीने बांधून ग्लव्हबॉक्समध्ये. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या नोंदी दोन महिन्यांत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात. प्रत्येक सत्राची एक ओळ: तारीख, ड्रायव्हर, फेऱ्या, टायरची हवा, भरलेलं ऑइल, आणि ‘काही वेगळं जाणवलं का’ या रकान्यात निदान एक शब्द. रकाना रिकामा असेल तर मुकादमाने पुढच्याला किल्ली द्यायची नाही.